उठावाची अक्षरं

मुलुंड, ४ एप्रिल १९७२

तीर्थस्वरूप अण्णांच्या चरणी जयवंतचा साष्टांग नमस्कार. इथे आम्ही सगळे सुखरूप. तुमचा गुडघा आणि वहिनीचा दमा आता कसा आहे? (यंदा कलमांना मोहोर बरा होता म्हणे, आंबा धरला का?) शुभाच्या लग्नाचा मुहूर्त व्याह्यांनी परस्पर धरला, थोरल्या काकाला कुणी विचारलं नाही, म्हणून 'पत्रिकेत माझे नाव घालू नये' असं तुमचं कार्ड आलं. वाचून मी भरल्या ताटावरून उठलो. पण तुमचा शब्द मोडायची माझी छाती नाही. निमंत्रक म्हणून माझं एकट्याचंच नाव दिलं आहे, आणि ते फार एकटं दिसतं.

आता पत्रिकेचं रामायण ऐका. व्याह्यांच्या थोरल्या मुलाची पत्रिका उठावाच्या अक्षरांची होती (बोट फिरवलं की अक्षर हाताला लागतं), तेव्हा धाकट्याचीही तशीच हवी, असा निरोप आला. साकीनाक्याचे छापखानेवाले मार्तंडराव म्हणाले, लग्नसराईत ते मशीन मोकळं नाही, साधी छापून देतो. मी तिथेच हात टेकले. रत्नप्रभेनं मात्र त्यांच्याकडून सगळी कृती काढून घेतली. ओल्या शाईवर राळेची पूड टाकायची, जास्तीची झटकायची, खालून शेक द्यायचा, की पूड वितळून अक्षर फुगतं. 'एवढंच ना?' म्हणाली. गणपती आणि नावं यांची जागा कोरी ठेवून बाकी मजकूर छापून घेतला आणि कोऱ्या जागांसाठी घाटकोपरहून रबरी ठसे करून आणले.

अण्णा, मी हिच्याशी संसार करतो आहे, पण ही काय चीज आहे ते मला या आठवड्यात कळलं. आधी शिक्क्याची साधी शाई घेतली, ती पूड टाकेपर्यंत वाळून मोकळी. छापखान्याची शाई ठशात लिंपून बसली आणि गणपतीचे डोळेच बुजले. शेवटी हिनं शिक्क्याच्या शाईत ग्लिसरीन घातलं, आणि शाई हवी तेवढा वेळ ओली राहू लागली. पुडीचंही तेच. खलबत्त्यात राळ फार बारीक कुटली तर अक्षर फुगेना, जाडी ठेवली तर सोंडेवर गळू उठल्यासारखं दिसे. (मी शुभाची तोंडाला लावायची पावडर सुचवली. तापवल्यावर नुसता वास सुटला.) मग मलमलीतून चाळलेली राळ नावांसाठी, खालची लाल शाई तिच्यातून छान चमकते; आणि सोनेरी भुकटी मिसळलेली राळ गणपतीसाठी. इस्त्री उलटी करून विटांमध्ये बसवली, वर चिमट्यानं पत्रिका धरायची. माझ्याकडे एकच काम होतं. 'अहो, तुम्ही फक्त शिंकू नका.' तेही मला जमलं नाही.

त्यात आपली सखुआत्या. गणपती छापून ओल्या पत्रिका सतरंजीवर मांडल्या होत्या, आम्ही जेवायला बसलो. आत्यानं प्रत्येक पत्रिकेला भक्तिभावानं हळदकुंकू वाहिलं, ते ओल्या गणपतीला गच्च चिकटलं. इस्त्रीवर धरताच हळद करपली. आत्याचं म्हणणं, 'देवाक लावल्याशिवाय पत्रिका भायर काढतत काय गो?' मी कपाळाला हात लावला. रत्नप्रभा हसली, म्हणाली, या पत्रिका गावाकडे पाठवू, हळदकुंकू लावायचं काम वाचलं. आणि पुन्हा पदर खोचून बसली. मला तिचं फार कौतुक वाटतं अण्णा, तिच्यासमोर बोलवत नाही म्हणून तुम्हाला लिहितो.

वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा
जयवंत

ता. क. नमुन्याची एक पत्रिका सोबत आहे. बोट फिरवून पाहा.

आणखी एक ता. क. पाकीट बंद करताना पत्रिका नीट पाहिली. माझ्या नावाच्या वर तुमचं नाव आहे, गणपतीच्या पुडीतलं, सोनेरी. हा ठसा मी करायला दिला नव्हता. सगळ्या पत्रिकांवर आहे. मी सुरीनं खरवडून पाहिलं, कागद फाटला, नाव हललं नाही. आता तुम्हीच सांगा, मी काय करू?

अण्णा, सुरी-बिरी काही घेतली नाही यांनी. नाव पाहिलं आणि पत्रिका हातात धरून रडत बसले. पत्रिका सोमवारी वाटायला काढते. तुम्ही आणि वहिनी लग्नाच्या चार दिवस आधी या. — सौ. रत्नप्रभा