फरहीनचा वजू

मस्तगड, जालना
रविवार, दुपार

प्रिय दैवशाला,

सप्रेम जयभीम. पाकिटावरचं नाव वाचून तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. हो, तीच खुर्शीद, कुंभार पिंपळगावची, सातवीपर्यंत तुझ्या बाकावर बसून तुझ्या डब्यातली लसणाची चटणी संपवणारी. अंकुशनगरचा पत्ता तुझ्या आईंनी, कांताकाकूंनी दिला. तू शाळेत शिकवतेस, स्कूटीवर फिरतेस, हे सांगताना त्यांचा ऊर भरून आला होता. फोन नंबरही दिला त्यांनी. चारदा लावायला घेतला, हिंमत झाली नाही. घरात आम्ही उर्दू बोलतो, पण मनातलं लिहायचं म्हटलं की मला अजून आपली शाळेतली मराठीच लागते.

माझी फरहीन चौदा वर्षांची आहे, नववीत. दिवाळीपासून शाळेत गेलेली नाही. गेल्या रमजानमध्ये ती नमाजाआधीचा वजू, म्हणजे हात, तोंड, पाय धुणं, फार मन लावून करायला लागली. एकदा झाला की पुन्हा पहिल्यापासून. माझ्या सासूबाई, चाँदबी, मोहल्लाभर सांगत फिरल्या, "हमारी फरहीन तो फरिश्ता है!" मीही काही कमी मिरवलं नाही. नणंदेच्या मुलींना तिचं उदाहरण द्यायचे. तिची बोटं भेगाळली तेव्हा कौतुकाने व्हॅसलीन चोळत बसायचे. पोर आजारी पडली होती आणि मी तिला शाबासकी देत होते.

आमच्या नळाला आठ दिवसांनी पाणी येतं. एका दुपारी तीन ड्रम रिकामे झाले तेव्हा कौतुक संपलं. तिच्या अब्बूंनी चिडून टाकीचा कॉक बंद केला, तर ही संध्याकाळपर्यंत कोरडे हात नळाखाली धरून उभी. तेव्हा कुठे तिने तोंड उघडलं. कोपर कोरडं राहिलं तर वजू होत नाही, वजू नाही तर नमाज नाही, आणि नमाज चुकली तर अब्बूंचं काहीतरी वाईट होईल, तेही तिच्यामुळे. असं काही होत नसतं हे तिलाही कळतं गं. कळूनही सुटत नाही.

मौलानांकडे नेलं. भला माणूस. म्हणाले, तीनदा धुतलं की बस, पुढचा सगळा वसवसा, मनात घुसणारी खोटी शंका. पोरीला डॉक्टरला दाखवा. मग औषध सुरू झालं, समुपदेशन करणाऱ्या मॅडमही आहेत. ती दिवसातून चाळीसदा विचारायची, "अम्मी, बराबर हुआ ना?" आणि मी चाळीसदा हो म्हणायचे. मॅडम म्हणाल्या, तुमच्या 'हो'ने पाच मिनिटं बरं वाटतं आणि शंका आणखी बळावते. म्हणून तिच्याशी बोलून ठरवलंय, मी हो म्हणायचं नाही. तुला अवघड जातंय, मी इथेच आहे, एवढंच म्हणायचं. ऐकायला किती सोपं! मोरीच्या दाराबाहेर पाटावर बसलं की कळतं. आत लेक रडत असते, एका शब्दात तिचं रडणं थांबेल, आणि तो शब्द मी गिळून बसते. सासूबाई मला कसाई म्हणतात. नणंद यायची बंद झाली. शेजारच्या उषाबाईंना मी फरहीनला कावीळ झाली म्हणून सांगितलंय, उद्या पोरीच्या सोयरिकीत कुणी बोट ठेवू नये म्हणून. घर माणसांनी भरलंय आणि मला बोलायला कुणी नाही. फार एकटी पडलेय मी.

येत्या गुरुवारी नाही, त्याच्या पुढच्या गुरुवारी पुन्हा दवाखान्यात जायचंय. ती नाही म्हणून बसलीय. गोळ्याही परवापासून घेत नाही. म्हणते, "ऐसा सिरफ मेरेकूच होता. मैं कब्बी ठीक नै होती." उपचार इथेच तुटले तर पोर हातची जाईल, ही भीती मला बसू देत नाही.

तेव्हा तू आठवलीस. शाळेच्या वाटेवर गिरणीपाशी आलो की तुझा पाय अडखळायचा. "थांब की गं खुर्शी, कडी न्हाई लागली वाटतं," म्हणून परत पळायचीस. कधी तीनदा, कधी पाचदा. मी कधीच थांबले नाही. उलट पोरांना तुला 'कडी' म्हणायला मीच शिकवलं. तू दिसलीस की सगळी पोरं कंपासपेट्या खडखडवायची, आणि सर्वांत जोरात माझी वाजायची. सातवीनंतर तू शाळेत आली नाहीस. मामाकडे गेली, असं मी सगळ्यांना सांगायचे; खरं कारण मला ठाऊक होतं. काकू म्हणाल्या, पुढे कॉलेजात तुझ्यावर उपचार झाले, आणि आता वर्गात असं एखादं लेकरू दिसलं की तू स्वतःहून आईबापांना आपलं सगळं सांगतेस.

फरहीनला तुझ्याबद्दल सांगितलं. किती महिन्यांनी तिने मान वर करून माझ्याकडे नीट बघितलं. तुला भेटायचं म्हणाली. मग विचारलं, "तब तुम क्या करे उनके वास्ते?" मी म्हणाले, मी रोज तिच्यासाठी थांबायचे. खोटं बोलले, दैवशाला. माफी मागायला मीच यायला हवं, पण तिला सोडून निघता येत नाही. त्या गुरुवारच्या आधी एकदा ये. ती तुला विचारेलच, अम्मी थांबायची का म्हणून. खरं तेच सांग. माझं काय व्हायचं ते होऊ दे, पण ये.

तुझीच, म्हणजे तसं म्हणायचा हक्क उरला असेल तर,
खुर्शीद