पान ब्याऐंशीवरची रिकामी जागा

सोमवार, ५ फेब्रुवारी १९७३

आबासाहेब येऊन गेले. तिसगावच्या शिक्षण संस्थेचे अध्यक्ष. टेबलावर पुस्तक ठेवलं — ठेवलं कसलं, आपटलं! ‘ढोबळमानाने’ नावाची कादंबरी. लेखक त्यांच्याच शाळेतले मराठीचे शिक्षक, गोरक्ष सर. छापली आमच्याच प्रेसनं, दिवाळीच्या आधी. प्रेसचे मालक राधाकृष्णशेठ बाजूलाच होते. पुस्तकाचं कव्हर बघूनच त्यांचा चेहरा उतरला.

“संपादक, तुम्ही वाचणारी माणसं. ह्याचा अर्थ काय, तो कागदावर लिहून द्या. देवळात रोज ह्यातून माझं नाव वाचतात आणि गाव हसतं. शनिवारी कमिटी आहे. नाव निघालं तर मास्तर घरी.”

मी म्हटलं, बघतो. कोणतंही काम आलं की एवढंच म्हणायची सवय आहे.

ते गेल्यावर शेठ म्हणाले, “संस्थेच्या प्रश्नपत्रिका आपल्याकडं छपाईला असतात. तेवढं डोक्यात ठेवून वाचा.”

मंगळवार, ६

वाचतोय. कादंबरी सातव्या प्रकरणापासून सुरू होते. पहिली सहा ‘वाटेत आहेत’. नायक एस.टी.ची वाट बघत उभा. एस.टी. येत नाही. मग लेखकच वाचकाशी गप्पा मारत बसतो, आणि शेवटी कंटाळून नायक बदलतो. एक प्रकरण म्हणजे नुसतं सभेचं इतिवृत्त — विषय नाही, ठराव नाही, फक्त ‘सर्वानुमते मंजूर’ ओळीखाली ओळ, चार पानं. एक म्हातारा मेल्यावर रेशन कार्डावरचं आपलं नाव कमी करायला स्वतःच कचेरीत जातो. कारकून म्हणतो, उद्या या, आणि येताना दाखला आणा. तिथं मी इतक्या मोठ्यांदा हसलो की आमचा कंपोझिटर भिमाजी दारात येऊन बघून गेला.

पण अर्थ? दुपारी वाटलं, दुष्काळावर आहे. चहाच्या वेळी वाटलं, सरकारवर. जेवताना वाटलं, देवावर. मग वाटलं, कशावरच नाही — आणि तेच जास्त पटलं.

आबासाहेबांचं नाव मात्र नाही. कुठंच नाही.

बुधवार, ७

परत वाचली, या खेपेला शेवटाकडून. काही बिघडत नाही.

पान ब्याऐंशी. हे प्रकरण म्हणजे एक प्रश्नपत्रिका. ‘गाळलेल्या जागा भरा.’ पहिला प्रश्न: ‘………… यांनी गावाची सावली विकली.’ पुढे कंसात: ‘पर्याय दिलेले नाहीत. गुणही नाहीत.’

भिमाजीला पान दाखवलं. म्हणाला, “खिळे जुळवताना मला वाटलं मजकूर द्यायचा राह्यला. सरांना विचारलं. म्हणले, राहू दे, त्यो वाचणाऱ्याकडनं येईल.”

हे कमिटीपुढं कसं मांडायचं? उद्या तिसगावला जाऊन येतो. शुक्रवारी संध्याकाळी आमच्या साप्ताहिकाचा अंक छपाईला जातो, त्याच्या आत हे लिहून व्हायला हवं.

गुरुवार, ८

करंजीचा घाट चढल्यावर रस्त्याच्या दोन्ही अंगांना खडीचे ढीग. दुष्काळी कामावर निम्मा तालुका बसलाय. डोक्यावर पदर, पुढ्यात दगड.

गोरक्ष सर शाळेतच भेटले. बारीक अंगाचे. असलं पुस्तक लिहिणारा माणूस हसरा असेल असं उगाच वाटलं होतं. वर्गातच बसलो.

“अर्थ विचारायला आलात?”

“आबासाहेबांना पाहिजे आहे.”

“उत्तरपत्रिका मी काढलीच नाही हो. मुलं काय लिहितात ते बघायचं होतं.”

“नोकरी जाईल, सर.”

“ते कळतं मला,” म्हणाले, आणि फळा पुसायला लागले. फळा कोराच होता.

घरी नेलं. बायकोनं, पुष्पावतीबाईंनी, मिलोची, म्हणजे रेशनवरच्या अमेरिकन लाल ज्वारीची, भाकरी वाढली. सर हात धुवायला उठले तशा हळूच म्हणाल्या, “भाऊ, त्यात कोणी नाही म्हणून लिहून द्या. सासूबाई खडीवर जातात. आता ह्यांनीपण जायचं का, पाटी-फावडं घेऊन? पोरं ज्यांना सर म्हणतात त्यांनी?”

दिवेलागणीला मारुतीच्या देवळात गेलो, आणि सगळा प्रकार उलगडला. इथं कादंबरी वाचत नाहीत. पोथी लावावी तशी लावलीय! एकानं वाचायचं, दुसऱ्यानं अर्थ सांगायचा. वाचायला गहिनीनाथ, सहावीपर्यंत शिकलेला. अर्थ सांगायला पुंजारामबुवा. अक्षर ओळखत नाहीत, पण उभी हयात पोथीचा अर्थ सांगण्यात गेली. वाचणारा थांबला की बुवांनी उचलायचं, अशी रीत. जवळजवळ रोजच लोक पान ब्याऐंशी मागतात. आजही मागितलं. गहिनीनाथ रिकाम्या जागेपाशी आला. काही दिसेना, म्हणून थांबला.

बुवांनी उचललं. “आता सावली म्हंजी काय? तर साळंम्होरल्या चिंचा. आन् त्या इकल्या कुनी?” नुसती मान तिरकी केली. “आपल्या आबासायबांनी!”

देऊळ हसलं. दिवसभर दगड फोडून आलेली माणसं, अंग झाडून हसत होती.

मी उठून सांगितलं — पानावर नाव नाही, जागा रिकामी आहे. पुस्तक फिरवलं. एका बाईनं ते उलटं धरून बघितलं. मालनबाई तिचं नाव.

“न्हाई कसं? रोज निघतंय की. आमी काय भैरे हाय का?”

“नाव बुवा घालतात, बाई.”

पुंजारामबुवा शांतपणे म्हणाले, “सायेब, पोथीत नसंल ते अर्थात कुठनं यील?”

मालनबाई पुस्तक परत देताना म्हणाली, “खडी साळंम्होरंच हाय आमची. चिंचा हुत्या तर तिथं भाकर खाल्ली असती. आता डोक्यावर पाटी घिऊन खातो. तुमी शिकल्याली मानसं, तुमीच सांगा — काय चुकीचं वाचलं?”

शेवटच्या एस.टी.नं परतलो. वाटेत हिशेब सोपा वाटत होता. पुस्तक निर्दोष, सर निर्दोष, नाव बुवांनी घातलेलं. एवढं लिहिलं की झालं.

शुक्रवार, ९

झालं नाही.

दुपारी आबासाहेब आले. पान ब्याऐंशी उघडून दिलं, देवळातली रीत समजावून सांगितली. चष्मा लावून त्यांनी त्या टिंबांवरून बोट फिरवलं.

“म्हणजे हे बुवांचं काम.”

“हो.”

“लिहा तसं. उद्याच्या अंकात येऊ द्या, म्हणजे गावालाही कळेल. आणि शेवटी एक ओळ घाला: चिंचांचं लाकूड विकलं नाही, शाळेच्या छपराला लागलं.”

मी काल त्याच छपराखाली बसलो होतो. लोखंडी अँगल, वर पत्रे. लाकडाची फळीसुद्धा नाही. तसं बोललो.

आबासाहेब चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. “संपादक, मास्तर चांगला आहे. मला कशाला काढायचाय? पण जागा रिकामी सोडली कोणी? का सोडली? कमिटीत कोणी विचारलं तर मी काय सांगू? ओळ आली की विषय मिटला. नाही आली तर चालू राहील.”

ते शेठच्या खोलीत चहाला गेले. शेठ दारातून म्हणाले, “एकच तर ओळ आहे.”

आतापर्यंत किती जाहिराती, किती सत्कार, किती उद्घाटनं लिहिली. एका ओळीसाठी हात कधी अडला नव्हता. खोटं आहे हे मला माहीत. सरांची नोकरी आहे, हेही माहीत. ओळ नाही लिहिली तर मी स्वच्छ, आणि पुष्पावतीबाईंच्या नवऱ्याच्या हातात फावडं. भिमाजी बाहेरून विचारत होता, “मजकूर येतोय का? पान बांधायचंय.”

लिहिली ओळ. खाली एक सूचना माझ्या पदरची: वाचताना ती जागा रिकामीच ठेवावी, अर्थ सांगू नये.

भिमाजी जुळवता जुळवता छपराच्या ओळीपाशी थांबला. “बरोबर हाय ना हे?”

“जुळव,” म्हटलं.

शनिवार, १०

कमिटी झाली. गोरक्ष सर राहिले. शेठनं सगळ्यांना भजी मागवली. मी दोन खाल्ली.

रविवार, ११

कादंबरी परत काढली. मेलेल्या म्हाताऱ्याचं प्रकरण वाचलं. हसू आलं नाही.

बुधवार, १४

गोरक्ष सर आले होते. उभ्यानंच बोलले. चहा नको म्हणाले.

“अंक देवळात वाचला. छपराची ओळसुद्धा. मालनबाई म्हणाल्या, ‘साळंवर तर पत्रं हायेत.’ मग पोथी लावली. गहिनीनाथ त्या जागेपाशी थांबला. बुवा गप्प बसले, तुम्ही लिहिलंत तसे. जागा लोकांनीच भरली. सगळ्यांनी, एका आवाजात.”

“परत आबासाहेबच?”

“नाही,” सर म्हणाले. “तुम्ही.”