कैरीचं पन्हं आणि पंडुम

कोसमटोला, एटापल्लीजवळ
२ एप्रिल १९५५

ती. सुगंधाआत्या हिस
शि. सा. न. वि. वि.

प्रकृती ठीक, मन नाही. चार दिवस शाळेत मी एकटाच बसतो आहे. अठ्ठावीस मुलांपैकी एकही येत नाही.

झालं असं की, उन्हात येतात बिचारी म्हणून कैऱ्या उकडून आईच्या पद्धतीचं पन्हं केलं आणि सगळ्यांना पाजलं. संध्याकाळी गावचा पुजारी कोलू गायता आला. म्हणाला, "गुरुजी, आमच्या बुढ्यायनं अजून चाखला नाई, तुमी लेकरायले कसा पाजला?" पंडुमच्या आधी इथे कोणी आंब्याला हात लावत नाही म्हणे. मी त्याला पन्ह्याचे गुण समजावले. त्यानं ऐकून घेतलं आणि निघून गेला.

पंचवीस तारखेला तपासनीस साहेब येतील. तेव्हा वर्ग रिकामा असेल, तर शाळाच बंद होईल. अहवालात मी 'पंडुम म्हणजे आंब्याचा सण' असं लिहितो आहे. तू त्या रानात आठ वर्षं काढलीस. बरोबर आहे ना?

तुझा आज्ञाधारक,
गुणवंत

चांदा, ९ एप्रिल १९५५

चि. गुणवंतास अनेक आशीर्वाद.

बरोबर नाही. सण आला की आपण गोड करतो. पंडुम झाल्याशिवाय त्यांचा आंबा खाण्याजोगा होतच नाही, मग तो कितीही पिको. आधी गेलेली माणसं चाखतात, मग जिवंत. नव्या पिकाचं, मोहाचं, आंब्याचं, दर वेळी असंच. त्या शब्दानं वर्ष पुन्हा सुरू होतं. हे रेंजर होते तेव्हा आमच्या शेजारच्या नीलाबाईनं मला तो शिकवला. मला तो लगेच कळला, कारण कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस गोडाला शिवत नसत. मी एकदा पेढा खाल्ला तेव्हा सिस्टर रागावल्या नाहीत, नुसत्या उठून गेल्या. तो पेढा अजून घशात आहे.

तेव्हा पन्ह्याचे गुण पुरे. कोलूकडे जा, चूक झाली म्हण आणि पुढे एक शब्द बोलू नकोस. तुला ते जड जाईल, तुझ्या वडिलांनाही जायचं. मुलं येतील, मला खात्री आहे.

टोपी घालून हिंड. माया आहेच.
सुगंधाआत्या

कोसमटोला, २७ एप्रिल १९५५

ती. आत्या,
शि. सा. न. वि. वि.

गेलो आणि गप्प राहिलो. कोलूनं दंड म्हणून एक कोंबडी मागितली आणि पंडुमला सगळ्यांच्या शेवटी बसायला सांगितलं. बावीस तारखेला गाव जेवलं आणि मी उपाशी रांगेच्या टोकाला. मग माझी अठ्ठावीसही मुलं उठून माझ्या मागे येऊन बसली. पन्हं तीही प्याली होती ना. कोलू हसून हसून खोकला. दुसऱ्या दिवशी शाळा भरली.

परवा साहेब आले, नव्या पुस्तकांचा गठ्ठा घेऊन. वाटायला लागले, तर सगळ्यांचे हात पाठीमागे. साहेबांच्या कपाळावर आठ्या. वच्छला नावाची मुलगी हळूच म्हणाली, पुस्तकाचं पंडुम नाई झालं. हा शब्द असा कोणी वापरल्याचं मी ऐकलं नव्हतं, कोलूनंही नसावं. त्याला बोलावलं. त्यानं पुस्तक उलटंपालटं केलं, पाणी शिंपडलं. म्हणाला, हे आमच्या बुढ्यायनं कधी चाखलं नाई, आधी त्यायले आयकवा.

गावाबाहेर पूर्वजांचे दगड उभे आहेत. त्यांच्यासमोर उन्हात उभा राहून मी पहिला धडा मोठ्यानं वाचला, कमळ, बदक, घर. साहेबांनी टोपी काढून हातात धरली होती. वाचून झाल्यावर कोलू दगडांकडे बघत थोडा थांबला, मग मुलांना म्हणाला, घ्या आता.

तुझ्या मायेचा भुकेला,
गुणवंत