कंदीलवाला ट्रेलरमध्ये नाही

३ मार्च, रविवार

सकाळी कपडे धुतले. दूध उतू गेलं. अकरा वाजता 'नऊ बुरूज'चा ट्रेलर आला. संध्याकाळपर्यंत तोच बघितला. काणी राणी आहे, ड्रॅगन आहे, वैदूबाई आहे, घोड्यांना तर तोटाच नाही. कंदीलवाला नाही.

काळजीचं कारण नाही. ट्रेलरमध्ये सगळं दाखवत नसतात. महत्त्वाची माणसं राखून ठेवतात.

'नऊ बुरूज'चे सहा जाडजूड खंड आहेत. मी एकही वाचलेला नाही, पण मला सगळे माहीत आहेत. जेवणं झाली की मी भांडी घासायचो आणि बायको स्टुलावर बसून दिवसभरात वाचलेलं सांगायची. अशी आठ-नऊ वर्षं. सहावा खंड निम्मा झाला तेव्हा ती आजारी पडली. गेल्या वर्षी गेली. कंदीलवाला तेव्हा नवव्या बुरुजाच्या जिन्यावर होता. वारा सुटला होता. कंदील विझला होता. पुढचं राहिलं.

ते आता टीव्हीवर कळेल. सहाही खंड एकाच सीझनमध्ये बसवलेत म्हणे. माझा रस तेवढाच आहे. बाकी मी ठीक आहे.

संकल्प: सीरियल सुरू व्हायच्या आत सहाही खंड वाचून काढणे. थेट सहावा उघडून शेवट बघता येईल, पण ते बरोबर नाही. क्रमानं जायचं.

४ मार्च, सोमवार

फॅन लोकांच्या ग्रुपवर दाखल झालो. नाव 'बुरूजकर'. अॅडमिन दातांचा डॉक्टर आहे. स्वागत म्हणून ड्रॅगनचं चित्र आलं. मी नमस्कार करून विचारलं, कंदीलवाल्याचं काम कोण करतोय?

उत्तर नाही. कास्टिंग गुप्त ठेवलेलं दिसतं.

६ मार्च, बुधवार

उत्तरं आली. एकानं विचारलं, कोण कंदीलवाला? दुसरा म्हणाला, काका, तुमची सीरियल चुकली, तुमची सात वाजताची असेल, सासू-सुनेची. अॅडमिननं सभ्यपणे खंड आणि पान विचारलं.

मी कळवलं की पानाचा आकडा हाताशी नाही, पण माणूस पक्का आहे. उंच, किंचित वाकलेला. रोज अंधार पडला की नऊही बुरुजांवर जाऊन दिवे लावतो आणि दारांच्या कड्या बघतो. बोलत नाही. कुणी काही सांगितलं की 'हं' म्हणतो. त्याच्यावाचून राज्य चालत नाही, हे राज्यात कुणाच्या लक्षात येत नाही.

आता ग्रुपच्याही लक्षात आलेलं नाही हे उघड आहे. नुसतं वाचणाऱ्यांचं असंच होतं. त्यांचं निम्मं लक्ष पानं उलटण्यात जातं. मी ऐकलंय.

१० मार्च, रविवार

वाचनाला सुरुवात. नऊ पानं झाली. झोप लागली. छपाई फार बारीक आहे.

कंदीलवाला अजून आलेला नाही. बायकोनं तो पहिल्याच दिवशी आणला होता, फाटकाशी. लेखकानं उशीर केलेला दिसतो.

संकल्प: जास्त उजेडाचा बल्ब आणणे.

१२ मार्च, मंगळवार

बल्ब आणला. त्या उजेडात पुस्तकांच्या कपाटावरची धूळ दिसली. पुसत बसलो. वाचन नाही.

१३ मार्च, बुधवार

चॅनेलला तक्रार पाठवली. हे माझं क्षेत्र आहे. वॉशिंग मशीनच्या कंपनीत तक्रार विभागात माझी हयात गेली. तक्रार कशी लिहावी हे मला कुणी शिकवायला नको. थोडक्यात, मुद्देसूद, रागावल्याशिवाय. विषय: महत्त्वाचे पात्र न दिसणेबाबत.

ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या बाई डोकावून म्हणाल्या, साहेब, ड्रममध्ये माणूस अडकलाय का काय?

मी 'हं' म्हणालो.

१५ मार्च, शुक्रवार

चॅनेलचं उत्तर आलं. 'आपल्या बहुमूल्य प्रतिक्रियेबद्दल आभार. आपले समाधान हेच आमचे ध्येय. आपला मुद्दा संबंधित विभागाकडे पाठवण्यात आला आहे.'

हा मजकूर आम्हीही वापरतो. ज्यांचं मशीन दुरुस्त करायचंच नाही त्यांना पाठवतो. संबंधित विभाग असा आमच्याकडे नाही. पण चॅनेल मोठं आहे. त्यांच्याकडे असेल.

एकंदरीत आशादायक.

१९ मार्च, मंगळवार

ग्रुपवर सह्यांची मोहीम सुरू केली: 'कंदीलवाला परत आणा.' आतापर्यंत माझी सही, शेजारच्या टेबलावरच्या बाईंची (त्यांना वाटलं कँटीनच्या चहाबद्दल आहे) आणि एका अनोळखी माणसाची. त्यानं नावाच्या जागी 'ड्रॅगनची आत्या' लिहिलंय.

ग्रुपनं मला 'कंदीलकाका' हे नाव दिलं. एवढ्या थोड्या दिवसांत असं आपलेपण सगळ्यांना मिळत नाही.

२४ मार्च, रविवार

ग्रुपची बैठक झाली. अॅडमिनच्या दवाखान्यात, सुट्टी होती म्हणून. बाकीचे बाकांवर बसले. मला जागा उरली नाही, तेव्हा दात काढायच्या खुर्चीत बसलो. ती मागे कलते. पूर्ण वेळ छताकडे बघत भाग घेतला.

आधी राणीचा डोळा. पुस्तकात डावा गेलाय, ट्रेलरमध्ये उजवा. एक पोस्टातला कारकून म्हणाला, हा वाचकांच्या तोंडावर थुंकण्याचा प्रकार आहे. सीरियलवर बहिष्कार टाकायचं एकमतानं ठरलं. मग चॅनेलची वर्षाची वर्गणी एकत्र भरली तर स्वस्त पडते, हेही एकमतानं ठरलं. पहिला भाग सगळ्यांनी मिळून इथंच बघायचा.

शेवटी मला बोलायला सांगितलं. मी चौथ्या बुरुजाचा प्रसंग सांगितला. शत्रू दाराशी आलेला, पहारेकरी झोपलेले, वैदूबाई आत आजारी. दार उघडं राहिलंय. कंदीलवाला फेरीवर येतो, कंदील खाली ठेवतो, कडी घालतो आणि पुढच्या बुरुजाकडे जातो. शत्रू परत जातो. वैदूबाईला सकाळी काही कळतसुद्धा नाही.

सगळे गप्प झाले. माझी समजूत झाली की पटलं. मग कॉलेजातली एक मुलगी हळूच म्हणाली, काका, वैदूबाई तिथं मरते. दार उघडंच राहतं. चौथा खंड वाचून मी दोन दिवस जेवले नव्हते.

अॅडमिन म्हणाला, याला फॅन फिक्शन म्हणतात काका, वाचकानं आपल्या मनानं रचलेलं, छंद वाईट नाही. मी सांगितलं की मी काही लिहीत नाही. खुर्ची सरळ करायचं बटण सापडेना. त्यानंच येऊन सरळ केली.

मुलीकडे संक्षिप्त आवृत्ती असणार. विद्यार्थ्यांना स्वस्तातली देतात.

२७ मार्च, बुधवार

क्रम मोडला. चौथा खंड काढला. बायकोचीच प्रत, तिच्या केसांची पिन खूण म्हणून अजून आत आहे. त्याच पानावर तो प्रसंग आहे. दार उघडं राहतं. शत्रू आत येतो. वैदूबाई मरते. कुणीही येत नाही.

पुन्हा वाचलं. कुणीही येत नाही.

म्हणजे आमच्या प्रतीतलीही पानं गाळलेली आहेत. पानांचे आकडे तपासले. सलग आहेत. काम फार सफाईनं केलंय.

२८ मार्च, गुरुवार

प्रकाशकाला तक्रार. विषय: सदोष प्रत बदलून मिळणेबाबत. मग रद्द केली. प्रत बदलून नको.

ऑफिसात एका ग्राहकाचा फोन आला. त्याचं मशीन चालू व्हायच्या आधीच थांबतं. मी मुद्दा संबंधित विभागाकडे पाठवतो म्हणालो.

३१ मार्च, रविवार

धाकटी आली होती, बायकोची बहीण. डबा घेऊन. आल्या आल्या म्हणाली, भावजी, तब्येत काय केलीत ही? मी म्हणालो, एका प्रकरणात गुंतलोय. सगळं सांगितलं. तक्रार, सह्या, चौथा खंड.

ती आधी हसली. खुर्चीला धरून हसली. मग न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून राहिली.

बाहेर आल्यावर म्हणाली, भावजी, ताई लहानपणी मला गोष्टी सांगायची. प्रत्येक गोष्टीत एक चिडकी खार असायची. राजकन्येची असो, चोराची असो, खार हजर. मी मोठी झाले, तीच पुस्तकं स्वतः वाचली. एकातही खार नाही.

मी म्हणालो, जुन्या आवृत्त्यांत असेल.

तिनं विचारलं, तुमचा तो कंदीलवाला, घरात चार माणसं बोलायला बसली की पाणी आणायला उठतो का हो?

मी चकित झालो. अगदी खरं आहे. राणीच्या दरबारात तो कायम पाणी आणायला उठतो.

आणि बाहेर पडताना एकदा कडी बघतो, जिन्यावरून परत वर येऊन पुन्हा बघतो?

तेही खरं. दुसऱ्या खंडात आहे.

म्हणजे धाकटीलाही तो माहीत आहे. स्वतंत्र साक्षीदार! मी तसं बोललो. ती म्हणाली, तुमच्यापुढे हात टेकले भावजी, चहा टाका.

२ एप्रिल, मंगळवार

साक्षीदार मिळाल्याचं ग्रुपवर जाहीर केलं. खारीचा उल्लेखही केला, पूर्ण माहिती असावी म्हणून. ते चुकलं. दिवसभर खारींची चित्रं येत होती.

संध्याकाळी अॅडमिननं असं काही केलं की ग्रुपवर मला वाचता येतं, लिहिता येत नाही. म्हणाला, दोन आठवडे विश्रांती घ्या काका. त्याला स्पॉयलरची भीती असणार. मला शेवटाजवळचं बरंच ठाऊक आहे, हे त्याला कळून चुकलंय.

११ एप्रिल, गुरुवार

सहावा खंड अजून उघडलेला नाही. वेळ नाही. शिवाय आता तीन दिवसांचाच प्रश्न आहे. सीरियलवाल्यांकडे मूळ हस्तलिखित असणार. एवढा पैसा घालतात, ते अपुऱ्या प्रतीवरून काम करणार नाहीत.

पांढरा शर्ट धुवून टाकला.

१४ एप्रिल, रविवार

दवाखान्यात अकराला पोचलो. बहिष्कार टाकलेले सगळे वेळेआधी हजर. पोस्टातल्या कारकुनानं डाव्या डोळ्यावर पट्टी बांधली होती, निषेध म्हणून. सरबत होतं. मला या वेळी बाकावर जागा मिळाली, त्या कॉलेजातल्या मुलीनं धरून ठेवली होती.

सुरुवातीलाच फाटक आलं. अंधार, धुकं, आणि लांबून एक कंदील दिसला. मुलीनं माझा दंड धरला. कारकुनानं पट्टी वर केली.

कॅमेरा जवळ गेला. कंदील भिंतीतल्या खिळ्याला टांगलेला होता. आपोआप जळत होता. खाली कुणी नव्हतं. मग राणी आली, उजवा डोळा गेलेली, आणि सगळे ओरडायला लागले.

पुढचे सगळे भागही एकदमच आले होते. अॅडमिन थांबा म्हणाला. मी पाणी आणायला उठलो आणि तसाच घरी आलो.

धाकटीला फोन केला. म्हणालो, कंदील होता, माणूस नव्हता. मग मी विचारलं की शेवटी, नवव्या बुरुजावर, त्याचं काय होतं? ताई तुला कधी बोलली असेल. हॉस्पिटलात असताना वगैरे. तू रात्रीची थांबायचीस.

धाकटी म्हणाली, भावजी, त्याचं नावही मी त्या दिवशी तुमच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मला खार होती. तो तुमचा होता.

मी 'हं' म्हणालो.

ती म्हणाली, येऊ का मी? नको म्हणालो.

सहावा खंड काढला. शेवटचं पान वाचलं. राणी जिंकते, ड्रॅगन समुद्राकडे जातो, बुरुजांवर सगळीकडे दिवे लागतात. कुणी लावले ते लिहिलेलं नाही. खंड कपाटात ठेवला.

म्हणजे ते कुणालाच ठाऊक नाही. लेखकालासुद्धा.

दुपारचे तीन वाजलेत. नखं वाढली होती. कालचा पेपर पसरला आणि कापली. आधी हाताची, मग पायाची. पेपर गुंडाळून कचऱ्यात टाकला.