यादीत नसलेला लॅपटॉप

९ जून २०२५, सोमवार

लेकीसाठी, प्रतिक्षासाठी, नवा लॅपटॉप आणला. घरच्या वायफायला जोडला जात नाही! नाव दिसतं, पासवर्ड घेतो, गोल फिरतो — आणि 'जोडता आले नाही'. सात वेळा केलं. पासवर्ड चौदा अक्षरी, मीच ठेवलेला. चूक शक्य नाही.

शुक्रवारी अकराला तिची नोकरीची मुलाखत, व्हिडिओवर. सांगवीला आमच्या वस्तीवर मोबाईलला एक काडी रेंज, तीही छपरावर. वायफायच पाहिजे.

१० जून

भिगवणला दुकानात नेला. तिथल्या वायफायला क्षणात जोडला गेला — माझ्यादेखत! दुकानदार दिग्विजय म्हणतो, "काका, मशीन ओके हाय. घरचा राऊटर बघा."

मला सांगतो! दहावी नापास, पण पाण्यातल्या मोटारीचं वायंडिंग मी कुणाच्या हाताखाली न बसता शिकलो. राऊटरही मीच लावलाय. चार गिऱ्हाइकांसमोर विचारलं, "गंडवायला मीच घावलो का?" लॅपटॉप पिशवीत घालून परत दिला. देणारच.

११ जून

राऊटर बंद-चालू. वायर बदलली. लॅपटॉपचा वायफाय ड्रायव्हर काढून पुन्हा घातला. शून्य.

बायको, कौसल्या, म्हणे, "कुणाला तरी इचारा की." मी विचारत नसतो. "मग डबडं फुडं घिऊन बसा तसंच!"

तेवढ्यात मधल्या भिंतीवरून झुंबर — "दादा, काय अडलंय का?" सख्खा धाकटा भाऊ. दोन वर्षांपूर्वी विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भांडण झाल्यापासून अबोला, आणि तोंड उघडलं ते आज! मजा बघायला. पाठ फिरवली.

प्रतिक्षा म्हणाली, "तात्या, काकाकडं वायफाय हाय. शुक्रवारी तासभर तितं बसते."

"त्याच्या उंबऱ्याला पाय लावलास तर बघ!"

रडली नाही. लॅपटॉप फाडकन मिटला.

१२ जून

शून्य.

१३ जून

गेलीच. मला न विचारता.

भिंतीपलीकडून तिचं इंग्रजी ऐकू येत होतं — सव्वा तास, न अडखळता. मध्येच झुंबरची बायको भागूबाई कुणावर तरी खेकसली, "मिक्सर बंद कर गं, पोरगी बोलतीया!" मी अलीकडं राऊटर खोलून बसलेलो. हातात स्क्रू ड्रायव्हर. कशासाठी, कोण जाणे.

परत आली ती थेट आईकडं गेली.

१४ जून

राऊटर भिकार आहे, तक्रार करणार. खरेदीची तारीख पाहिजे म्हणून जुनी रोजनिशी काढली. माझ्याकडं प्रत्येक गोष्ट तारखेनिशी असते.

१५ नोव्हेंबर २०२३. माझंच अक्षर:

"झुंबर अजून आपलं वायफाय वापरतो. आज राऊटरमध्ये यादी घातली. फक्त आपली पाच यंत्रं चालतील. बाकी कुणाला पासवर्ड माहीत असला तरी प्रवेश नाही. नवीन यंत्र आणल्यास आधी यादीत नोंदवणे."

शेवटच्या ओळीखाली दोन रेघा. पट्टीनं मारलेल्या!

त्यानंतर नवं यंत्र घरात आलंच नव्हतं. हे सापडलं ते कुणाला सांगितलेलं नाही. दिग्विजयला तर नाहीच.

१५ जून

सकाळी लॅपटॉप नोंदवायला बसलो. नोंदवला नाही — यादीच बंद केली. लॅपटॉप जोडला गेला. बरोबर आहे की नाही ते तपासायला जोडलेली यंत्रं मोजली. पाच आणि लॅपटॉप, सहा पाहिजेत.

सात! शेवटचं — 'झुंबरचा फोन'. आपोआप जोडला गेलेला. दीड वर्षात त्यानं आमचा पासवर्ड पुसलेलाच नाही.