चुकलेलं अनुमान

सोलापूर, शनिवार, जून १९७६

माझ्या आरामखुर्चीवर आज कायद्याने कब्जा केला. म्हणजे आमच्या प्रभाने. वकिलीच्या कॉलेजची प्रवेश परीक्षा सोमवारी. मी अजून हो म्हटलेलं नाही, तरी बाईसाहेब सरावाला बसलेल्या! आणि जगाची विसंगती दाखवून पोट भरणारा मी लेखक, स्टुलावर.

तिने प्रश्न वाचला, "जे कमावतात, त्यांचं घरात चालतं. सुमती कमावत नाही. म्हणून सुमतीचं घरात चालत नाही. अनुमान बरोबर?"

"बरोबर!" मी ताडकन म्हणालो.

"चूक, अप्पा. न कमावणाऱ्यांचं चालत नाही, असं कुठं लिहिलंय?"

आतून हिचा आवाज आला, "लिहायला कशाला पाहिजे? घरात बघा की."

झोंबलं. कुठं लिहिलंय? पोरीला परीक्षेला बसू द्या, असं ही आठवडाभर म्हणतेय. मी साधं उत्तरही दिलं नव्हतं. न कमावणाऱ्या बाईला उत्तर देणं कोण लागतो?

शेवटी चुलीपाशी गेलो. "सोमवारी मीच सोडतो तिला."

ही भाकरी थापत राहिली. "मला काय सांगताय? परीक्षा जिला द्यायचीय, तिला सांगा."

बाहेर येऊन प्रभाला सांगितलं. तिने मान हलवली आणि पुढचा प्रश्न वाचायला घेतला.