मुका चौथा सिलिंडर

अण्णा,

दसऱ्याच्या दिवशी, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी तुम्ही माझ्या हातातून सळई हिसकावलीत. मी रेल्वेच्या इंजिन शेडमधल्या घड्याळाखालीच उभी होते, तेव्हा वेळेवरून वाद नको. मी अकरा वर्षांची, पायात कॉन्व्हेंटचे पांढरे मोजे, इंजिनांना झेंडूचे हार. चालू डिझेल इंजिनाच्या एकेका सिलिंडरला सळईचं एक टोक लावायचं, दुसरं कानामागच्या हाडाला, आणि आतलं दुखणं ऐकायचं. या विद्येवर तुम्ही, विंझरच्या शेतकऱ्याचा मुलगा, उस्ताद फिटर झालात. मलाही तुम्हीच शिकवलीत. मी म्हटलं, "पाचवा खोकतोय." तुम्ही म्हणालात, "ह्ये पोरींचं काम न्हाई. मास्तरीण हो." झाले मास्तरीण. माझं बरोबर होतं की चूक, ते मात्र शेवटच्या श्वासापर्यंत सांगितलं नाहीत.

आता कालचं ऐका. तुमच्या काळातलं, यार्डात डबे हलवायचं शंटिंगचं इंजिन, सहा सिलिंडरचं, नसरापूरजवळच्या एका तंत्रशाळेत ट्रेलरवरून आणून पत्र्याच्या छपराखाली रुळांच्या तुकड्यावर उभं केलंय. निवृत्त फिटर वर्षभर त्याच्यात हात काळे करतायत. काल सुरू झालं, पण नुसतं थडथडत होतं. प्राचार्यांनी बजावलं, आज जमलं नाही तर आतलं सगळं काढून सांगाडा रंगवून ठेवू. बघायला गेलेली मी पुढे झाले.

"काकू, हा कुकर नाहीये," प्राचार्य म्हणाले.

"दिसतंय. कुकर शिट्टी तरी देतो."

सारोळ्याचे एक म्हातारे फिटर, तुमच्याच हाताखाली शिकलेले, खो खो हसले. "सायेब, द्या की त्यास्नी सळई. आमच्या उस्तादाची लेक हाये ती."

मी डोळे मिटते. एक, दोन, तीन बोलतायत. चौथा मुका! त्याला डिझेल सोडणाऱ्या पंपाची दांडी गंजून अडकलेली निघाली. इंजिन बंद करून त्यांनी रॉकेलने ती मोकळी केली, पुन्हा चालू केलं, आणि अण्णा, सहाच्या सहा एका सुरात! छपराचे पत्रे थरथरले, प्राचार्यांचा सदरा काजळीने माखला, आणि मी, या वयात, सळईसकट नाचले.

"बाई, आवरा, रुळात पडाल!" प्राचार्य ओरडले.

"पडले तर उचला!"

हे पत्र मी टपालात टाकणार नाही, म्हणून कबूल करते: आधी मी तिसऱ्यावर बोट ठेवलं होतं, कुणी बघायच्या आत चौथ्यावर सरकवलं. तरीही त्या दसऱ्याला पाचवा खोकत होता की नव्हता, याचं उत्तर येत्या शनिवारी दुपारी बाराच्या आत मला लेखी हवं आहे.